कबर आणि मकबरा यांत नेमका फरक काय?

कबर म्हणजे माणसाला जिथे पुरलंय ती जागा, मग वर नुसता मातीचा उंचवटा असो की दगडी चौथरा. तिच्यावर घुमट-कमानींची इमारत बांधली की ती इमारत म्हणजे मकबरा.

दोन्ही बघायचं तर छत्रपती संभाजीनगर गाठा. बीबी का मकबरा दिलरास बानूचा. आत संगमरवरी जाळीपाशी उभं राहून खाली बघितलं की कबर दिसते. तिच्या नवऱ्याची, म्हणजे औरंगजेबाची (मृत्यू १७०७) कबर खुलताबादला उघड्यावर आहे. वर छप्पर नाही, मधोमध माती, त्यात सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी बरीच नंतरची. त्यामुळे तिला मकबरा म्हणणं चूकच. आणि ती ज्या आवारात आहे तो दर्गा, कारण तिथे सूफी संत जैनुद्दीन शिराजींची कबर आहे.