मुलीला शिकवून पुन्हा बांधावरच आणायचं का?

प्रश्न: मुलीनं बारावी सायन्स केलं, सीईटीही दिली. कळमनुरी तालुक्यात आमची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. तिनं नर्सिंग नाहीतर फार्मसी करावं असं मला वाटतं. ती म्हणते, कृषीला जाणार आणि शेतकऱ्यांना सल्ला देणार. चार वर्षं पैसा घालून शेवटी बांधावरच यायचं, तर शिकायचं कशाला? मागच्या जूनमध्ये घरचं सोयाबीन तिनं गोणपाटात घालून तपासलं. शंभरातले 64 उगवले. मग गल्लीतल्या बायाही बी घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. पण हे काही नोकरीचं काम आहे का?
एक पालक, जि. हिंगोली

उत्तर: नमस्कार भाऊ,

हो, हे नोकरीचं काम आहे आणि तुमच्या मुलीनं ते सुरूही केलंय. कृषी विद्यापीठात त्याला विस्तार शिक्षण म्हणतात. शिक्षण आणि संशोधन यांच्या जोडीला विद्यापीठाची ही तिसरी जबाबदारी. प्रयोगशाळेत आणि विद्यापीठाच्या शेतावर जे सिद्ध झालं, ते शेतकऱ्याच्या घरापर्यंत न्यायचं आणि शेतकऱ्याची अडचण शास्त्रज्ञापर्यंत आणायची.

तुमच्या ओट्यावर काय घडलं ते बघा. ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे ठेवायचे, गुंडाळी करून सहा-सात दिवस ओलसर ठेवायची, मग कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर शिफारशीइतकं बी पुरतं, कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवावं लागतं. खर्च शून्य. तरी 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाड्यात तक्रारींचा ढीग लागला आणि कितीतरी घरांवर दुबार पेरणी आली. सगळा दोष तपासणी न केल्याचा नव्हता, बियाणंही खराब निघालं होतं. पण पेरणीआधी हातात गोणपाट घेतलं असतं, तर पुष्कळांना ते आधीच कळलं असतं. माहिती घडीपत्रिकेत छापलेली होतीच. कुणीतरी ओट्यावर बसून करून दाखवायला हवं होतं.

यवतमाळ मला विसरता येत नाही. 2017 साली तिथं कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सर्वांत विषारी. पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराला हे कुणी सांगितलं होतं? मालकाला सांगून भागत नाही. फवारणारा वेगळा, औषध कालवायला पाणी आणून देणारी वेगळी.

म्हणूनच मुलगी या कामात येतेय याचा मला फार आनंद आहे. निंदणी बायांची, वेचणी बायांची, घरचं बी राखून ठेवणंही त्यांचंच. सातबारा मात्र पुरुषाच्या नावावर, आणि शेतकरी मेळाव्यात पुढच्या खुर्च्याही त्याच्याच. साहेब गावात आले की पारावर बोलून जातात, स्वयंपाकघरापर्यंत सल्ला पोचत नाही. तुमच्या मुलीकडे बाया आपणहून आल्या. ही गोष्ट लहान समजू नका.

आता रस्ता. बीएस्सी (ऑनर्स) कृषी चार वर्षांचं. शेवटच्या वर्षी विद्यार्थी गावात काम करतात: माती नमुना, बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाण्याला औषध लावणं), प्रात्यक्षिकं. गावात ‘कृषिकन्या आल्यात’ म्हणतात, त्या ह्याच. त्यानंतर दोन वर्षांची एमएस्सी, विस्तार शिक्षण या विषयात. कृषी विज्ञान केंद्रात, म्हणजे शेतकऱ्यांना प्रशिक्षण आणि सल्ला देणाऱ्या केंद्रात, विषय विशेषज्ञ (एकेका विषयाचा तज्ज्ञ) व्हायला पदव्युत्तर पदवी लागते, म्हणून हिशोब चारचा नको, सहा वर्षांचा धरा. पहिलं केंद्र 1974 साली पुदुच्चेरीला सुरू झालं, आज देशात सातशेच्या वर आहेत. आणखी एक पर्याय आहे: परभणीलाच सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, पूर्वीचं गृहविज्ञान. आहार, बालविकास, शेतकरी महिलांचे कष्ट कमी करणारी साधनं हे तिथले विषय. मात्र कृषी विभागाच्या भरतीत ती पदवी चालते का, हे जुन्या जाहिराती काढून आधी बघा.

सरकारी जागांबद्दल तुम्हाला गोड बोलणार नाही. कृषी सहाय्यकाची भरती (आता पदनाम सहाय्यक कृषी अधिकारी झालंय) दरवर्षी निघत नाही. एमपीएससीच्या कृषी सेवेतही जागा थोड्या आणि मुलं भरपूर. ठिबक आणि बियाणे कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, गावातल्या महिला बचत गटांचं ‘उमेद’ अभियान, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था इथं काम मिळतं, पण बरंचसं कंत्राटी. कंपनीत गेली तर विक्रीचं उद्दिष्ट गळ्यात पडतं. शेतकऱ्याला गरज नसलेली बाटली विकायची वेळ आली तर ती काय करेल, हे तिच्याशी आत्ताच बोला.

नर्सिंगला नोकरी लवकर लागते, तुमचं गणित चुकीचं नाही. घरात लवकर पगार यायलाच हवा अशी ओढ असेल, तर तेही तिला मोकळेपणानं सांगा. तेवढी निकड नसेल तर अर्ज कृषीचा भरा. कॉलेज निवडताना इमारत बघू नका. स्वतःची जमीन आहे का, ती पिकाखाली आहे का आणि मुलींचं वसतिगृह आवारात आहे का, ते जाऊन बघा. खाजगी कॉलेजची फी सरकारीच्या कितीतरी पट असते. कर्ज काढून तिथं घालायच्या बाजूची मी नाही.

अर्ज भरण्याआधी दोन गोष्टी करा. तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र तुमच्याच तालुक्यात आहे. तिथल्या ताईंना भेटा आणि एखाद्या गावभेटीला मुलीला सोबत न्याल का, असं विचारा. दुसरं, 18 मे हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा वर्धापन दिन. त्या दिवशी खरीप मेळावा असतो, बियाणं घ्यायला शेतकऱ्यांची रांग लागते. तुम्ही रांगेत उभे राहा, तिला मोकळी सोडा. संध्याकाळी एसटीत बसल्यावर तिनं कुणाला काय विचारलं ते ऐकून घ्या आणि मला पुन्हा लिहा. सातबारा, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मात्र आताच काढून ठेवा. जूनमध्ये तहसीलला पाय ठेवायला जागा नसते.