घरभेटीला निघण्याआधी

प्रिय पोरी,

सोमवारपासून टीबीच्या घरभेटींना निघशील. थुंकीच्या डब्या, मास्क, फॉर्म तुला मिळतीलच. घरात शिरल्यावर काय बघायचं, तेवढं लिहितो.

नाशिकच्या अंबड-सातपूरकडच्या खोल्यांत गेलीस की आधी खिडकी शोध. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा कामगार, रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याच्या अंथरुणावर पडतो, आणि एकुलती एक खिडकी डासांपायी पुठ्ठ्याने बंद. टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. रुग्णाचं ताट वेगळं ठेवलेलं दिसलं तर हे समजावून सांग आणि पुठ्ठा तुझ्यासमोरच काढायला लाव.

जंतू शिरला म्हणजे आजार झालाच, असं मात्र नसतं. दहा जणांत फार तर एकाला पुढे कधीतरी टीबी होतो. तो एक कोण, हे पुष्कळदा भूक ठरवते. द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा-पेठहून निफाडला आलेल्या मजुरांच्या पालात मी एका रुग्णाच्या धाकट्या बहिणीला विचारलं, "खोकला आहे का?" ती नाही म्हणाली आणि मी पुढे गेलो. तिचा झंपर खांद्यावरून उतरत होता, म्हणून तिने तो पिनेने आवळला होता. ते मी पाहिलं होतं, तरी तिचं वजन केलं नाही. तीन महिन्यांनी तिच्या थुंकीत जंतू निघाले. पोरगी बरी झाली, पण ती पिन अजून माझ्या डोळ्यांसमोर येते.

झारखंडात रुग्णांच्या घरच्यांना दरमहा जादा तांदूळ-डाळ दिली, तर त्यांच्यातला टीबी जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाला. २०२३ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणून चुलीवर काय शिजतंय ते विचार. निक्षय पोषण या सरकारी योजनेतून रुग्णाच्या खात्यात आहारासाठी महिन्याला १००० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून आहेत, पण मजुराचं पासबुक बहुधा गावाकडे असतं. ते मागवून घ्यायला त्याच्या मागे लागावं लागेल.

रक्तातली साखर प्रत्येक मोठ्या माणसाची तपासून घे. मधुमेहात धोका दुप्पट-तिप्पट होतो. एचआयव्हीची तपासणीही टाळू नकोस. बिडी-दारूचं विचारायचं ते बाजूला घेऊन, बायकोपोरांसमोर नाही.

बागा खाली झाल्या की टोळ्या परत फिरतात आणि गोळ्या अर्ध्यावर सुटतात. पहिल्याच भेटीत पाड्याचं नाव आणि तिथल्या आशाताईंचा नंबर लिहून ठेव.

वजनकाटा माझ्याकडे एक जास्तीचा आहे. सोमवारी निघण्याआधी घेऊन जा.

तुझा,
काका