पीआर एजन्सीत नवीन आहे. सीनियर म्हणतात क्लायंटचं विकिपीडिया पान गुपचूप सुधार आणि फेसबुक ग्रुपवर स्वतःच्या अकाउंटवरून चांगलं लिही. करावं का?

नका करू, दोन्ही नका करू. मी पुण्यात याच कामात बरीच वर्षं आहे आणि नवीन मुलांना हेच पहिलं सांगतो, की ऑनलाइन कुठेही तोंड उघडायच्या आधी आपण कोण आणि पैसे कोण देतंय ते सांगायचं.

आधी विकिपीडियाचं बघू. तिथे गुपचूप असं काही नसतंच. पानाच्या इतिहासात प्रत्येक बदल तारीख-वेळेसकट राहतो, कोणी कोणता शब्द घातला, कोणती ओळ उडवली, कोणीही उघडून बघू शकतं, आणि कालच उघडलेलं खातं, एकाच कंपनीचं पान आणि ब्रोशरसारखी भाषा, हे तिथल्या जुन्या लोकांच्या लगेच नजरेत भरतं. २०१३ मध्ये विकी-पीआर नावाच्या अमेरिकन कंपनीचा असाच धंदा उघडकीस आला, २५० च्या वर खाती बंद झाली. त्यानंतर जून २०१४ पासून विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या, वापराच्या अटींमध्येच लिहिलंय की पैसे घेऊन संपादन करत असाल तर मालक आणि क्लायंट दोन्ही जाहीर करा. म्हणजे तुमचे सीनियर सांगतायत ते सरळ नियमभंग आहे, हे त्यांना नम्रपणे दाखवा. त्याच महिन्यात ओगिल्वी, एडलमन, केचम धरून ११ पीआर एजन्सींनी मिळून आम्ही हे नियम पाळू असं निवेदन काढलं होतं, तेही दाखवा. यातल्या एडलमनला २००६ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकन दुकानसाखळीसाठी चालवलेल्या ब्लॉगवरून मार खावा लागला होता, एक जोडपं गाडीने देशभर फिरतंय असं दाखवलेलं पण खर्च कोण करतंय ते धड सांगितलं नव्हतं, आणि एजन्सीचे प्रमुख रिचर्ड एडलमन यांना स्वतः जाहीर माफी मागावी लागली.

मग काम करायचं कसं? लेखाला हात लावायचा नाही, त्याला जोडलेलं चर्चा पान असतं, तिथे संपादकांसाठी लिहायचं. साधारण असं: "मी अमुक एजन्सीत काम करते, ही कंपनी आमची क्लायंट आहे. दुसऱ्या परिच्छेदात कारखाना भोसरीला आहे असं आहे, तो २०१९ मध्ये चाकणला हलला, ही त्याची वर्तमानपत्रातली बातमी. कृपया तपासून बदलावं." बस एवढंच. एका वेळी एक-दोन मुद्दे, पुरावा कंपनीच्या वेबसाइटचा नको, बाहेरचा हवा, आणि "अग्रगण्य", "नामांकित", "विश्वासार्ह" हे शब्द घरी ठेवून या, कारण त्या एका शब्दापायी बाकीची खरी माहितीही संशयाने बघितली जाते. माझा अनुभव असा की नाव सांगून नीट विचारलं तर लोक मदत करतात, फुकट काम करणारी माणसं आहेत ती, त्यांना फक्त फसवलेलं आवडत नाही.

फेसबुक ग्रुपचं तर अजून सोपं आहे. जाहिरातींसाठीच्या एएससीआय संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी जे नियम काढले त्यात ब्रँडशी असलेला संबंध सांगायला लावलाय आणि त्या संबंधात फुकट वस्तू, पैसे याबरोबर नोकरीचं नातंही धरलंय. तुम्ही इन्फ्लुएन्सर नसाल तरी तत्त्व तेच. ग्रुपमध्ये कोणी तक्रार केली असेल तर "मी यांचं पीआर बघते, ऑर्डरची माहिती पाठवा, संबंधितांपर्यंत पोचवते" असं लिहा आणि खरंच पोचवा, दोन दिवसांनी त्याच थ्रेडवर काय झालं ते सांगा. खोट्या कौतुकाच्या २० कमेंटपेक्षा हे एक उत्तर क्लायंटच्या जास्त उपयोगाचं आहे.

क्लायंटला तारीख मात्र देऊ नका. मराठी विकिपीडियावर सक्रिय माणसं इंग्रजीच्या मानाने खूपच कमी, उत्तर यायला वेळ लागतो. आणि क्लायंट हमखास म्हणेल की ती कोर्टकेसची ओळ काढून टाका. ती पुराव्यानिशी असेल तर निघणार नाही, हे त्याला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा. पण केसचा निकाल लागला असेल, कंपनीची बाजू कुठे छापून आली असेल, तर तेवढी भर घालायची विनंती तुम्ही हक्काने करू शकता.