खारघरला डोंगराजवळ रो हाउस घेतोय, अमेरिकेतला भाऊ म्हणतो आधी रेडॉन चेक कर. खरंच गरज आहे का?

भाऊ चुकीचं सांगत नाहीये, पण तो तिकडची घरं डोळ्यासमोर ठेवून बोलतोय. मी ठाण्यात राहतो, जिऑलॉजी शिकलोय, म्हणून मला जे समजतं ते लिहितो.

रेडॉन हा किरणोत्सारी गॅस, येतो जमिनीतून. दगडमातीतल्या युरेनियमचं होत होत रेडियम होतं, त्यातून हा गॅस सुटतो, ना रंग ना वास, आणि 3.8 दिवसांत निम्मा संपतो. त्यामुळे घराखाली कुठला दगड आहे हे आधी बघायचं. ग्रॅनाइटमधे युरेनियम जास्त, बेसाल्टमधे खूप कमी, आणि खारघर काय, पारसिक काय, येऊरचा डोंगर काय, सगळा आपला काळा कातळ म्हणजे बेसाल्टच! डोंगर जवळ आहे म्हणून घाबरायचं काहीच कारण नाही. (पावसाळ्यात डोंगरावरचं पाणी कुठून उतरतं ते मात्र नक्की विचारा, ती काळजी जास्त खरी.)

दुसरी गोष्ट घराची. थंड देशात खिडक्या महिनोन्महिने बंद, आत हीटर, गरम हवा वर जाते आणि खालून जमिनीतला गॅस ओढला जातो, त्यात बेसमेंटमधे लोक झोपतात पण. आपल्याकडे टॉवरखाली स्टिल्ट पार्किंग असतं, तिथेच तो हवेत उडून जातो, वरच्या फ्लॅटवाल्यांनी तर विषयच सोडावा. तुमचं रो हाउस मात्र थेट जमिनीवर बसलंय, म्हणून खालच्या बेडरूममधे लादीच्या कडेच्या भेगा, ड्रेनेज पाइप जिथून आत येतो ती फट, हे सिमेंटने नीट बुजवून घ्या. आणि रात्रभर एसी लावून दारं खिडक्या बंद ठेवत असाल तर स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच फिरवत बसतो, सकाळी खिडक्या उघडा.

ग्रॅनाइटच्या ओट्याबद्दल पण लोक घाबरवतात, त्यातून येणारा रेडॉन अगदी किरकोळ, आणि बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतंच, गॅब्रो किंवा डोलेराइट असतं, म्हणजे बेसाल्टच्याच जातकुळीतले काळे दगड.

घरात कोणी सिगरेट ओढतं का? रेडॉनने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे खरंय, पण ओढणाऱ्याला धोका कितीतरी पट जास्त.

तरी मनाला चैन नसेल तर तीन महिने ठेवायचा डिटेक्टर खालच्या बेडरूममधे ठेवा, किचन बाथरूममधे नको. जागतिक आरोग्य संघटना घरातल्या रेडॉनसाठी 100 बेकरेल (किरणोत्सार मोजायचं युनिट) प्रति घनमीटर ही पातळी धरते, भाऊ 4 पिकोक्युरी (अमेरिकेत वापरतात ते युनिट, प्रति लिटर) म्हणत असेल तर ते 148 बेकरेल प्रति घनमीटर होतात, आकडे बघताना युनिट बघा.