निपाणीची एमजी : मूळचं किती, नंतरचं किती?

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्या आप्पांची, म्हणजे थोरल्या चुलत्यांची, एमजी टीडी, म्हणजे जुनी विलायती उघडी स्पोर्ट्स गाडी, निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारीत बरीच वर्षं झाकून ठेवलेली आहे. बेळगावच्या कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली, असं घरात सांगतात. आप्पा गेले, आता आम्ही भाऊ मिळून तिचं काय करायचं ते ठरवतोय. पुण्याहून एक गिऱ्हाईक येऊन गेलं. त्यांचं म्हणणं, 'तारांची चाकं आहेत, आतलं लाकूड सागवानी आहे, म्हणजे गाडी ओरिजिनल नाही. भंगाराच्या भावात देणार असाल तर बोला.' इकडचे एक ओळखीचे म्हणतात, इंजिनवर टीडी२ कोरलंय, म्हणजे ही दुर्मीळ मार्क टू आहे, कुणाला हात लावू देऊ नका. कुणाचं खरं मानायचं? गाडीचे फोटो पाठवतोय. आप्पांच्या लग्नातला १९६४चा एक फोटोही सोबत आहे.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : दोघांचंही मानू नका. एकाच्या बोलण्यावर गेलात तर चांगली गाडी मातीमोल जाईल, दुसऱ्याच्या बोलण्यावर गेलात तर उद्या एखाद्या जाणकार माणसासमोर तुमचा शब्द खोटा पडेल. आधी वखारीला चांगलं कुलूप लावा. मग एक बॅटरी, पातळ कागद, पेन्सिल आणि चांभाराकडे असते तशी आरी घेऊन गाडीपाशी निवांत बसा. गाडी धुऊ नका, काही घासू नका, काही उघडून फेकू नका. धुळीखालीच पुरावा असतो.

टीडी २ आणि मार्क टू हा घोळ मी आयुष्यभर ऐकत आलोय, म्हणून तोच पहिल्यांदा सोडवतो. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात टीडी १९४९च्या अखेरीपासून १९५३पर्यंत तयार झाली, तीस हजारांच्या जवळपास. तिचं इंजिन एक्सपीएजी, १२५० सीसी. १९५१च्या मध्यावर या इंजिनाला आठ इंची, आधीपेक्षा मोठा क्लच आला आणि तेव्हापासून इंजिन नंबरात टीडीच्या जागी टीडी २ लिहू लागले. ती इंजिनाची सुधारणा, गाडीचा प्रकार नव्हे. साध्या गाडीवरही टीडी २ च असतो. खरी मार्क टू ही शर्यतीच्या हौशी लोकांसाठी केलेली गाडी. तिच्या चासी नंबरात टीडीनंतर सी येतो. कार्ब्युरेटर दीड इंची असतात, साध्या गाडीला सव्वा इंची. पेट्रोल पंप दोन, नेहमीच्या शॉकॲब्सॉर्बरांच्या जोडीला घर्षणावर चालणारे जादा शॉकॲब्सॉर्बर, आणि मोठ्या कार्ब्युरेटरला जागा मिळावी म्हणून बॉनेटच्या एका अंगाला फुगवटा. तुमच्या फोटोत बॉनेट दोन्ही अंगांनी सपाट आहे आणि पंप एकच दिसतोय. तुमची गाडी साधी टीडी आहे. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

आता चाकं. पुण्याच्या गिऱ्हाइकाचं एवढं खरं की टीडी कारखान्यातून तारांच्या चाकांवर कधीच बाहेर पडली नाही. तिच्या आधीच्या टीसीला तारांची एकोणीस इंची चाकं होती, नंतरच्या टीएफला ती हवी असतील तर मिळत. टीडीला मात्र पंधरा इंची पत्र्याची चाकं; सुरुवातीला सपाट, नंतर भोकांची. पण तारांची चाकं शोभून दिसतात म्हणून नंतर बसवून घेणारे जगभर होते. तुमच्याकडे तर त्याचा पुरावाच आहे. लग्नाच्या फोटोत हारांच्या माळांखाली डाव्या बाजूचं पुढचं चाक अर्धं दिसतंय ते भोकांचं पत्र्याचं आहे. म्हणजे १९६४पर्यंत मूळ चाकं गाडीवर होती. जुन्या गाड्यांच्या बाबतीत घरचे लग्नाचे फोटो तज्ज्ञाच्या पत्रापेक्षा मोलाचे ठरतात, म्हणून सगळ्या भावांकडचे अल्बम काढा. बारसं, मुंज, सौंदत्तीची यात्रा, जिथे जिथे गाडी मागे उभी असेल तो प्रत्येक फोटो वेगळा काढून मागे साल लिहा.

एक चाक काढून आत बघा. मूळ हबच्या बोल्टांवर जोडतुकडा बसवून त्यावर तारांचं चाक चढवलं असेल, तर जोडतुकडा काढला की गाडी पुन्हा पूर्वपदावर येते, काही बिघडलेलं नाही. हबच कापून किंवा दुसऱ्या गाडीचा आख्खा ॲक्सल घालून केलं असेल, तर तो खरा बदल. आणि वखारीचा माळा शोधा. आपल्याकडे जुनं चाक कुणी टाकून देत नाही, पोत्यांखाली पडलेलं असतं.

यानंतर नंबर. चासी नंबर पुढच्या बंपरच्या मागे, चासीच्या डाव्या टोकाला लोखंडातच ठोकलेला असतो. आरटीओत छाप घेतात तसा पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, आकडे उठतील. वायरब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर यांतलं काहीही तिथे लावू नका. घासलेला नंबर बघितला की परीक्षक पुढचं ऐकूनच घेत नाही. या गाड्यांचे नंबर ०२५१ पासून सुरू होतात, कारण ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. बॉनेट उघडल्यावर मागच्या भिंतीशी हत्यारांची पेटी आहे, तिथे कारखान्याचा पत्रा असतो आणि त्यावर गाडीचा आणि इंजिनाचा असे दोन्ही नंबर असतात. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर रिव्हेटने मारलेल्या अष्टकोनी पितळी पत्र्यावर असतो. हे तीन ठिकाणचे नंबर आणि आरसी बुकातले नंबर एका कागदावर शेजारी शेजारी लिहून काढा. सगळे जुळले तर गाडीचं काळीज मूळचं आहे, मग बाकीचं कमीजास्त असलं तरी चालतं. इंजिनाचा तेवढा जुळत नसेल, तर आधीची अक्षरं बघा. एससी असेल तर ते एमजीच्याच वाय सलूनचं, एका कार्ब्युरेटरचं इंजिन. एक्सपीएडब्ल्यू असेल तर वुल्झली ४/४४ या इंग्लिश गाडीचं. दोन्ही याच घराण्यातली. पितळी पत्रे हल्ली नवे करून मिळतात, त्यामुळे पत्रा फारच चकचकीत आणि रिव्हेट ताजे दिसले तर त्यावर एकट्यावर विसंबू नका. चासीत ठोकलेले आकडे तेवढे सहज बनत नाहीत.

आरसी बुकाचं इथे विशेष महत्त्व आहे. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात आला. आप्पांच्या आधीचं जुनं बुक सापडलं तर त्यावर मुंबई राज्याच्या नोंदी असू शकतात, गाडीचा त्या वेळचा रंगही लिहिलेला असेल. कॅम्पातल्या अधिकाऱ्यांच्या बदल्या होत, गाड्या इथेच विकून जात, त्यामुळे मालक बदलल्याच्या तारखा वाचल्या तर अर्धा इतिहास हाती लागतो.

इंजिनच मूळचं आहे का, याची आणखी एक खूण मी फिटरलोकांना नेहमी दाखवायचो. एक्सपीएजीच्या बोल्टांचे आटे मेट्रिक मापाचे आहेत, पण डोक्याला लागतो तो व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाचा, पाना. मॉरिसने (एमजी त्याच घराण्यातली) कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला होता, तिथल्या यंत्रांमुळे आटे फ्रेंच राहिले आणि डोकी इंग्लिश झाली. असा बोल्ट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. ब्लॉकवरचे बहुतेक बोल्ट असेच असतील तर त्या इंजिनाला फार जणांनी हात लावलेला नाही. मधेच तेरा-चौदाच्या पान्याचे बोल्ट दिसले, तर तिथला आटा बिघडला आहे का बघून घ्या.

विजेच्या सामानावर डायनॅमो, डिस्ट्रिब्यूटर, स्टार्टर असं बघत जा. ते बनवणाऱ्या लुकास कंपनीने त्यावर महिना आणि साल ठोकलेलं असतं. इंजिन १९५२चं आणि डायनॅमो १९५१चा किंवा १९५२चा असेल तर उत्तम. १९६०चा निघाला तर तो बदललेला. बॅटरीची अधिक बाजू बॉडीला जोडलेली असणं हे या गाडीत बरोबर आहे. कुणी उलटं केलं असेल तर बहुधा अल्टरनेटर बसवताना केलं असेल. मीटर जेगर कंपनीचे, गोल. अष्टकोनी चौकटीचे असतील तर ते टीएफचे. मागचे दिवे शेवटच्या गाड्यांना गोल, आधी चौकोनी. प्रत्येक गोष्टीचं साल लिहीत चला, म्हणजे गाडीवरच्या खुणा एकाच काळातल्या आहेत की दहा गाड्यांतून गोळा केल्या आहेत ते आपोआप कळेल.

राहता राहिलं सागवान, आणि त्या एका गोष्टीसाठी गाडी भंगारात काढणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला मनापासून राग येतो. टीडीच्या पत्र्याखालचा सांगाडा ॲश लाकडाचा, फिकट आणि सरळ रेषांचा. हे लाकूड आपल्या पावसाळ्यात दाराच्या खांबांच्या बुडाला आणि फरशीच्या कडेला कुजतंच. बाहेरून काही आणण्यावर त्या काळी कडक बंधनं होती. ॲश आणणार कुठून? दांडेली-खानापूरच्या पट्ट्यात सागवान होतं, ते चिरून, जुन्या तुकड्याचं माप घेऊन सुतारांनी नवे तुकडे घडवले. बेळगावात टिळकवाडीच्या माझ्या गॅरेजमध्ये अशा गाड्या उघडल्यात, आणि त्यांतले सांधे इतके नेटके होते की हात फिरवत बसावं. ते लाकूड मूळचं नाही, हे स्वच्छ सांगा. पण ज्या माणसाने गाडी जगवली त्याचं काम तोडून नवीन ॲश मागवण्याची घाई करू नका. आरी टोचून बघा. टणक असेल तर राहू द्या, आणि कुठला तुकडा कशाचा आहे याचा नकाशा काढून फाइलमध्ये ठेवा. तीच गोष्ट उद्यमबागेत लेथवर कुणी बनवलेल्या बुशांची आणि पिनांची.

रंग मात्र चार ठिकाणी बघायचा: डॅशबोर्डच्या मागे, हत्यारांच्या पेटीखाली, मडगार्ड आणि बॉडीच्या मधल्या पट्टीच्या आत आणि सीटच्या मागच्या पत्र्यावर. रुपयाएवढ्या एका जागी, तीही दिसणार नाही अशी, हजार नंबरच्या पाणकागदाने हलक्या हाताने घासा. ड्युको रंगाचे थर वर्तुळासारखे उघडे पडतात, सगळ्यात आतला तांबूस किंवा राखाडी प्रायमर, त्यावरचा पहिला रंग कारखान्याचा. फोटोत वरचा रंग पिवळा आहे, पण दाराच्या कडेला आयव्हरी डोकावतंय असं मला वाटतं. त्या जागी जरूर बघा, आणि थर बघितल्याशिवाय कुणाला गाडी 'नवीकोरी' रंगवू देऊ नका. मूळ रंग एकदा खरवडला की परत येत नाही, बाकी सगळं विकत मिळतं.

एवढं केल्यावर विकायची की ठेवायची ते ठरवा. विकणार असाल तर गिऱ्हाइकाला लिहून द्या: इंजिन-चासी जुळते, चाकं नंतरची, लाकूड सागवानी, रंग दुसरा. खोटं एक अक्षर नको. अशी गाडी घेणारी शहाणी माणसं आहेत. माझं मत विचाराल तर भावांपैकी एकाने तरी ती ठेवावी, आणि वखारीतून काढताना आधी ब्रेकचं सगळं रबर बदलावं.

प्रश्न : वडिलांची १९६२ची फियाट ११०० आहे, एमवायने सुरू होणारा, म्हैसूर राज्याच्या वेळचा जुना नंबर आहे. मधे वडिलांनी डिझेल इंजिन बसवून घेतलं. नव्या व्हिंटेज नियमात 'व्हीए' नंबर घेता येईल का? जुना नंबर जाईल का?
— एक वाचक, गोकाक

उत्तर : २०२१च्या नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. डिझेल इंजिन बसलेल्या गाडीला माझ्या मते ही वाट बंद आहे. पण तुमचं नशीब चांगलं आहे. तुमच्या गाडीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं पेट्रोल, आणि त्याच घराण्याचं इंजिन पद्मिनीत अगदी शेवटपर्यंत होतं. ते अजून मिळतं, त्याचे मिस्त्रीही आहेत. वडिलांनी मूळ इंजिन ठेवलं असेल तर पहिल्यांदा तेच शोधा, कारण आरसीशी जुळणारा नंबर त्यावरच आहे.

नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. नंतर पुन्हा नोंदणीला ५ हजार. आधीच नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, म्हणून तो एमवायचा नंबर कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका. मात्र व्हिंटेज नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. गोकाकहून बेळगावला आठवड्याला फेऱ्या मारणार असाल तर साधी नोंदणीच चालू ठेवा, आणि इंजिन बदलल्याची नोंद आरसीत झाली आहे की नाही ते आजच तपासा.