नाव टाकल्याशिवाय कागद देऊ नको

प्रिय पोरी,

कापसाच्या जिनिंगमध्ये राबलेल्या म्हाताऱ्या बायांच्या मुलाखती तू घेतल्या, रात्री बसून तूच टाइप केल्या, आणि निबंध छापणार सरांच्या नावाने. तू खाली आभारात. वर मलाच विचारतेस, "मॅडम, एवढ्यासाठी सरांना दुखवू का?"

दुखव. नाव टाकल्याशिवाय एक कागद देऊ नको.

पीएचडीसाठी सरांची सही लागणार, हे मला कळतं. म्हणून आवाज चढवू नको. सरळ सांग, "सर, मुलाखती माझ्या आहेत, लेखिका म्हणून माझं नाव पहिलं येईल, प्रस्तावना तुम्ही लिहा." सर चांगले असतील तर ऐकतील. नसतील तर ते आत्ताच कळलेलं बरं.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही, उघडून बघ. बापाचं नाव, जात, तारीख, आणि पुढे कितीदा तरी नुसतं 'मुलगी'. जात पडताळणीसाठी गावातली पोरं हेच कागद धुंडाळतात. पणजोबा सापडतो, पणजी सापडत नाही. तुझ्या जिनिंगमधल्या बायांचंही तेच होणार होतं. तू त्यांना नाव दिलंस आणि स्वतःचं पुसू देतेस?

रिद्धपूर आपल्या अमरावती जिल्ह्यातलंच. तिथल्या ताम्रपटातली प्रभावतीगुप्ता विदर्भातल्या वाकाटक राजघराण्याची सून, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. नवरा रुद्रसेन गेला, मुलं लहान, कारभार तिच्या हाती आला. दानपत्रात तिने वंशावळ कोरून घेतली ती माहेरच्या गुप्तांची, गोत्रही बापाचंच, धारण. आपण कोण हे तिने दुसऱ्यावर सोडलं नाही.

जुलै 1942 मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. आंबेडकरी चळवळीतल्या अशा बायांना शोधून मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी त्यांच्याशी बोलून घेतलं, आणि 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. हे काम बायांनीच केलं आणि स्वतःच्या नावाने केलं. तू त्याच वाटेवर आहेस, पोरी. आभारात बसू नको.

मी हे भोगलंय म्हणून बोलते. मोडी दस्तांची सूची मी केली, वर नाव दुसऱ्याचं चढलं. मी लेखी तक्रार दिली. पुढे कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. माझ्यामागून आलेले कायम झाले. आईच्या शेवटच्या आजारपणात पैसा कमी पडला, ती सल जात नाही. घरचेही म्हणत होते, मागे घे. घेतली नाही, आणि ते बरोबरच केलं. भांडखोर म्हणाले, म्हणू दे. आज त्या सूचीवर माझं नाव आहे आणि तुझ्यासारख्या पोरी ती वापरतात. दुसरं काय करायला हवं होतं मी?

तुमच्या चर्चासत्राचं वाचून तर संतापच आला. स्वागत, रांगोळी, सूत्रसंचालन मुलींकडे; बीजभाषण नेहमीचं कोणीतरी करणार. पुढच्या वेळी रांगोळी काढायला सांगितली तर आधी निबंध वाचायला वेळ माग. तोही कार्यक्रमपत्रिकेत नावासकट.

आणि लग्न ठरतंय म्हणून पीएचडीची नोंदणी पुढे ढकलू नको. यूजीसीच्या नियमात महिलांना मुदतीपेक्षा दोन वर्षं जास्तीची मिळू शकतात, बाळंतपण-बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा आहे. नियम छापून घे आणि होणाऱ्या सासरीही दाखव. लाजायचं काय त्यात?

मुलाखत घेताना सुरुवातीलाच गाव, तारीख, सांगणारीचं पूर्ण नाव आणि तुझं नाव आवाजात रेकॉर्ड कर. नाव छापायचं का, हे त्या बाईलाच विचार. ती नको म्हणाली तर तो तिचा हक्क. फाइल त्याच दिवशी स्वतःला मेल कर. उरलेल्या मुलाखती दिवाळीआधी उरक. एकदा कापसाची वेचणी जोरात सुरू झाली की बाया दिवसभर वावरात असतात, आणि संध्याकाळी त्यांच्यात बोलायचं त्राण उरत नाही.

तुझी,
मॅडम