कोपरे आधी, चढाईपटू मागाहून

वाचकांचे प्रश्न : कबड्डी

भातं कापून झाली की मळ्यात मैदानं आखली जातात आणि गावोगावच्या प्रीमियर लीगचे लिलावही लागतात. म्हणून या अंकात संघबांधणी आणि बचावफळीवरचीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या पंचक्रोशीच्या लीगमध्ये आठ संघ आहेत. प्रत्येकाला १ लाख पॉइंट, १२ खेळाडू घ्यायचे, मूळ बोली २ हजार. गेल्या वर्षी आम्ही दोन चढाईपटूंवर ६० हजार घातले. चढाईत गुण भरपूर आले, पण दर सामन्यात दोन-दोन लोण बसले, म्हणजे दोन-दोनदा सगळा संघ बाद झाला, आणि गटातच गारद झालो. आता तर डावा कोपरा (फळीच्या डाव्या टोकाचा बचावपटू) आणि दोन्ही कव्हर (कोपऱ्यांच्या आतल्या बाजूचे बचावपटू) नोकरीला मुंबईला गेले. फळी नव्याने उभी करायची आहे. पहिली बोली कोणावर लावावी?
— एक संघचालक, गुहागर

उत्तर : कोपऱ्यावर. चढाईपटूवर नाही, आणि ‘आयकॉन’ म्हणून ज्याचा फोटो बॅनरवर लागतो त्याच्यावर तर नाहीच.

पकडीचा गुण एकच मिळतो, पण त्या एका गुणात समोरचा मुख्य चढाईपटू बाहेर बसतो आणि आपला एक गडी आत येतो. तुमचे दोन्ही महागडे चढाईपटू बाद होऊन बसले की त्यांना आत आणायचं काम उरलेल्या पाच जणांचं असतं. ते पाच जण २ हजारांत उचललेले असतील तर लोण बसणारच. शिवाय चढाई बरी करणारी पोरं प्रत्येक वाडीत दोन-चार सापडतात. घोट्याला हात घालून तो न सोडणारा कोपरारक्षक अख्ख्या पंचक्रोशीत शोधावा लागतो. तरीही लिलावात त्याचा भाव कमी असतो, कारण प्रेक्षकांना चढाई दिसते, पकडीआधीचं पाऊल दिसत नाही.

लिलावाच्या आधी आठ दिवस एक काम करा. समोरच्या सात संघांचे संभाव्य मुख्य चढाईपटू लिहून काढा आणि प्रत्येकापुढे तो कुठल्या बाजूला शिरतो ते मांडा. उजव्या हाताचा चढाईपटू तुमच्याकडे तोंड करून येतो तेव्हा त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या कोपऱ्याकडे असतो. यादीत असे जास्त निघाले तर डावा कोपरा पहिला घ्या, डावरे जास्त निघाले तर उजवा. एवढी साधी यादीही बहुतेक संघमालक करत नाहीत.

१ लाखाची वाटणी साधारण अशी धरा : पहिला कोपरा २२ हजारांपर्यंत, दुसरा १८, मुख्य चढाईपटू २०, पहिला कव्हर १२, दुसरा कव्हर १०. हे झाले ८२ हजार. उरलेल्या १८ हजारांत सात जण बसवायचे. मूळ बोलीने १४ हजार जातील, म्हणजे एखादा अष्टपैलू खेचायला ४ हजार हाताशी राहतात. हे आकडे वरच्या मर्यादेचे आहेत. कोपरा १५ हजारांत मिळाला तर वाचलेले पॉइंट कव्हरकडे वळवा.

टेबलावर बसताना एक हिशेब कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : उरलेल्या पॉइंटमधून, अजून घ्यायच्या खेळाडूंपेक्षा एक कमी गुणिले मूळ बोली, इतके वजा करायचे. जे राहतं ती त्या क्षणाची कमाल बोली. सुरुवातीला ती ७८ हजार असते. वरचे पाच जण घेतल्यावर ६ हजार. हा हिशेब चुकला की आयोजक बोली रद्द करतात, नाहीतर शेवटचे चार खेळाडू कोण उरलंय ते बघून घ्यावे लागतात.

कव्हर घेताना त्याचं नाव एकटं पाहू नका. घेतलेल्या कोपऱ्याबरोबर तो आधी खेळला आहे का, दोघं एका गावात किंवा मुंबईत एकाच भागात राहतात का, हे विचारा. हंगामभर एकत्र खेळलेली साधी जोडी एकमेकांना अनोळखी असलेल्या दोन नामांकित खेळाडूंपेक्षा जास्त पकडी देते. चाकरमान्यांच्या बाबतीत तारखा आधीच पक्क्या करून घ्या. शिमग्याला आणि मे महिन्यात येणारा चढाईपटू चालतो, तो थेट मैदानात उतरू शकतो. कोपरा मात्र सराव न करता आला तर त्याला कव्हरची हालचाल कळत नाही. दोन्ही कोपरे चाकरमानी असलेला संघ उभा करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणखी एक, जरा लबाडीचं. चिठ्ठीत चढाईपटूंची नावं आधी निघाली तर बोली ५-६ हजारांपर्यंत चढवून सोडून द्या. दुसऱ्यांचे खिसे हलके होतात. पण जो खेळाडू गळ्यात पडला तर चालणार नाही, त्याच्यावर हा डाव खेळू नका.

प्रश्न : आमचा उजवा कोपरा घोटा चांगला धरतो, पण चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषा गाठतो. ताकद कमी पडते म्हणून जिम लावायला सांगितली आहे. आणखी काय करावं?
— प्रशिक्षक, देवगड

उत्तर : जिम लावा, पण हा दोष बहुधा ताकदीचा नसतो. तीन गोष्टी पाहा.

पहिली, तो झेप कधी घेतो. चढाईपटूचं वजन मध्यरेषेकडच्या पायावर असताना घोटा धरला की तो नुसता पुढे पडतो आणि हात लांबवून रेषा शिवतो. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायलाच हवी ती) मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा (जिच्यावर चढाईपटूला जादा गुण मिळतो ती) तिच्या मागे आणखी १ मीटरवर असते. निदान रेषेच्या आसपास धरलेला उंच खेळाडू आडवा पडला की उरलेलं अंतर फारसं राहत नाही. धरायची वेळ म्हणजे तो बोनसला पाय टाकतो ती. बोनस मान्य व्हायला पुढचा पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे त्या क्षणी तो एका पायावर उभा असतो, आणि तो पायही तुमच्या कोपऱ्याच्या बाजूला खोलवर. त्याच घोट्याला हात घालायचा. टेकलेला पाय उचलला गेला की त्याच्याकडे ओढायला जमीनच उरत नाही.

दुसरी, धरल्यावर हात कुठे जातात. हात सरळ ठेवून लोंबकळणारा कोपरा हमखास ओढला जातो. एक हात टाचेच्या मागून, दुसरा घोट्याच्या वर, पाय ताबडतोब स्वतःच्या छातीशी घ्यायचा आणि मागे, अंतिम रेषेच्या दिशेने बसायचं. उभं राहताना वजन चवड्यावर हवं. टाचेवर उभा असलेला कोपरा अर्धा क्षण उशिरा निघतो आणि त्याच्या हाती पायाऐवजी बोटं लागतात.

तिसरी आणि सगळ्यात मोठी : कव्हर कुठून येतो. पुष्कळ संघांत कोपऱ्याने घोटा धरला की बाकीचे मागून ढिगासारखे अंगावर पडतात आणि त्या धक्क्याने चढाईपटूला आपणच मध्यरेषेकडे ढकलतात. कव्हरने मध्यरेषा आणि चढाईपटू यांच्यामध्ये शिरायचं, खांदा मांडीला किंवा कमरेला लावायचा आणि आत रेटायचं. कोपऱ्याच्या बाजूला उभा असलेला ‘इन’ दुसरा पाय घेतो. कोणी काय धरायचं हे ठरलेलं असलं की गोंधळ होत नाही.

साखळी धरताना, म्हणजे शेजारच्या गड्याचा हात धरताना, बोटांत बोटं अडकवू नका, मनगट धरा. अडकलेली बोटं चढाईपटूच्या झटक्याने निखळतात.

सराव असा घ्या : अर्धं मैदान, एक कोपरा, एक इन, एक कव्हर आणि एक चढाईपटू. ३० सेकंदांच्या दहा चढाया. पहिले चार दिवस पकड करायचीच नाही, फक्त चढाईपटू हलेल तशी तिघांनी जागा बदलायची. कव्हर आणि कोपरा यांच्यातलं अंतर दोन पावलांपेक्षा वाढलं की शिट्टी. पाचव्या दिवसापासून पकड. दहापैकी किती पकडल्या एवढंच लिहू नका, सुटलेली प्रत्येक चढाई कशामुळे सुटली तेही लिहा : झेप लवकर, कव्हर उशिरा, की हात सुटला. दोन आठवड्यांत एकच कारण पुन्हा पुन्हा दिसू लागेल. त्याच्यावर काम करा.

प्रश्न : पोरं मॅटवर घोट्याला झेप घेतात, गावच्या मैदानात उभीच राहतात. ओरडून उपयोग होत नाही.
— राजापूर तालुक्यातून

उत्तर : तुमचं मैदान सड्यावर असेल तर दोष पोरांचा नाही. जांभ्याच्या कातळावर दोन बोटं माती पसरलेली असली की कोपर आणि गुडघा सोलवटतो, आणि दोनदा सोलवटलेला खेळाडू तिसऱ्यांदा खाली जात नाही. तो उभ्याने कंबर धरायला लागतो आणि चढाईपटू त्याला वाकून सुटतो.

वरची खडी वेचून काढा, चाळलेली लाल माती निदान चार बोटं पसरा, आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून सकाळी रूळ फिरवा. जास्त पाणी मारलं तर माती पायाला चिकटते आणि पाय मुरगळतात, तेव्हा मूठ वळली तर गोळा व्हावा पण हाताला चिखल लागू नये इतकीच ओल ठेवा. सगळं मैदान जमत नसेल तर निदान दोन्ही बाजूंच्या बोनस रेषेमागची १.७५ मीटरची पट्टी आधी करा. कोपऱ्यांच्या झेपा बहुतेक तिथेच पडतात. गुडघ्याला आणि कोपराला पॅड सरावात सक्तीचे ठेवा. पावसाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये फरशीवर पकडीचा सराव घेऊ नका. तिथे फक्त पदन्यास आणि साखळीच्या हालचाली घ्या.

प्रश्न : प्रो कबड्डीत तर चढाईपटूच कोट्यधीश होतात. मग कोपऱ्यावर पैसा घाला हे कशाच्या आधारावर?
— अलिबाग

उत्तर : त्याच लीगच्या आधारावर. २०२३-२४ च्या दहाव्या हंगामात सर्वांत महाग खेळाडू होता चढाईपटू पवन सेहरावत, २ कोटी ६० लाखांहून थोडा जास्तच. त्याला घेणारा तेलुगू टायटन्स २२ सामन्यांत दोनच विजय मिळवून तळाला राहिला. त्याच लिलावात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूई या इराणी डाव्या कोपऱ्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. त्याने हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले आणि पलटणने १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. पुढच्या लिलावात हाच खेळाडू २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यात पाटणा पायरेट्सला ३२-२३ नमवून हरियाणा पहिल्यांदा विजेता ठरला. त्याच्याही आधी, २०१८ च्या लिलावात, १ कोटीचा टप्पा पहिल्यांदा गाठला तो फजल अत्राचलीने, यू मुंबाकडून १ कोटीला. तोही डावा कोपराच.

मात्र यातून चुकीचा धडा घेऊ नका. पवन वाईट खेळला म्हणून टायटन्स बुडाले नाहीत, त्याच्यामागे फळी उभी नव्हती. आणि शादलूई आला तेव्हा पलटणकडे उजव्या कोपऱ्याला गौरव खत्री, कव्हरला अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत आधीपासून होते. आदल्या हंगामात हा संघ अंतिम सामना जयपूरकडून २९-३३ असा हरला होता. म्हणजे घर बांधून झालं होतं, एक खांब बदलला. तुमच्याकडे बाकीचे तीन नसतील तर एका कोपऱ्यावर अर्धे पॉइंट घालणंही तेवढंच चुकीचं.

प्रश्न : मुलींचा संघ मुलग्यांच्या मैदानातच सराव करतो. स्पर्धेत मात्र कोपरे सतत लॉबीत पाय टाकून बाद होतात. असं का?
— दापोली

उत्तर : मैदानामुळेच. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटर, पुरुषांचं १३ बाय १०. दोन्हींत दोन्ही कडांना १-१ मीटरची लॉबी (स्पर्श झाल्यावरच खुली होणारी पट्टी) असते, म्हणजे स्पर्श होण्याआधी मुलींना वापरायला ६ मीटरच रुंदी मिळते, मुलग्यांना ८. दोन मीटर जास्त रुंदीची सवय झालेली कोपरारक्षक मागे सरकताना बाहेर जाते. निदान रेषाही ३.७५ ऐवजी ३ मीटरवर असते, त्यामुळे पकडीची वेळ बदलते. त्याच मैदानात दुसऱ्या रंगाच्या फक्कीने किंवा सुतळी ताणून आतली आखणी करा. सुतळी खिळ्यांनी ठोका, दगड ठेवून नको.

प्रश्न : तीन गडी उरले की आमच्यावर लगेच लोण बसतो. शेवटी कोण राहायला हवं?
— वेंगुर्ला

उत्तर : दोन्ही कोपरे आणि एक कव्हर. तीन किंवा कमी गड्यांत पकड झाली की सुपर टॅकलचा एक गुण जास्त मिळतो. आणि पाच किंवा कमी गडी असताना समोरच्याला बोनस नसतो, त्यामुळे त्याला स्पर्शासाठी आत यावंच लागतं. हे तिघं उरावेत म्हणून सहा-सात गडी मैदानात असताना कोपऱ्यांना उगाच आगाऊ झेपा घेऊ देऊ नका, ते धाडस कव्हरने करायचं. जे आधी बाद होतात ते आधी आत येतात, हे लक्षात ठेवा : कोपरा शेवटी बाद झाला तर परतायलाही सर्वांत उशीर लागतो. तिघं उरल्यावर कोपऱ्यालाच चढाईला लावणारे कर्णधार दिसतात. कव्हरला पाठवा, आणि त्याला सांगून ठेवा की त्या चढाईत गुण नाही आणला तरी चालेल, तिसरी चढाई (लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतरची, जिच्यात गुण आणावाच लागतो ती) नसेल तर नुसता निदान रेषा ओलांडून परत ये.